ओठांची प्रत

नाव पहिल्या रिळाबरोबर गेलं.
डब्यावर पेन्सिलीनं उरलंय एवढंच:
युद्ध. भाग चौथा. उन्हात ठेवू नये.

आणि ठेवलं कुठे, तर लष्करात,
दौलतगंजातल्या एका बंद औषधी दुकानाच्या माळ्यावर,
द्राक्षासवाच्या रिकाम्या बाटल्यांमागे,
जिथे मे महिन्यात पालसुद्धा भिंत सोडते.
ही जात सडली की चाळिशीच्या उन्हात आपोआप पेटते.
नव्वद उन्हाळे पेटली नाही.
का, ते मला विचारू नका. मी फक्त भोकं सांधते.

अकरा रिळं होती म्हणे. पाच मिळाली.
दोन वितळवली चांदीसाठी.
एक गेलं बांगड्यांच्या कारखान्यात,
द्रौपदीचे मोकळे केस कुणाच्या तरी मनगटावर चढले असतील.
फिल्मच्या बांगड्या वाजत नाहीत.
बाकीच्यांचं कुणालाच काही माहीत नाही.

कुरुक्षेत्र किल्ल्याखालच्या पटांगणात झालं.
रिसाल्याचे तीनशे स्वार, रोजचे सहा आणे,
घोड्याला चणे वेगळे.
सकाळी कौरव, जेवून पागोटं बदललं की पांडव.
एक पांढरा घोडा, डाव्या कानाला खाच असलेला,
दोन्हीकडून लढतो आणि दोनदा मरतो.
(नीट पाहिलं की दिसतं. मला नीट पाहण्याचेच पैसे मिळतात.)

बुरशी कापसानं टिपायची.
फाटलेल्या आभाळाला मागच्या चौकटीतलं आभाळ लावायचं.
दिवसाला दीड मिनिट युद्ध.

मग अच्युतराव पोतनीस आले.
सरकारी छापखान्यात चाळीस वर्षं खिळे जुळवलेले,
उलटं वाचायची सवय.
सहाव्या वर्षी विषमज्वर कान घेऊन गेला.
लेकीनं आणलं: बाबा ओठ वाचतात,
दुसरं काही नाही तर त्यांचा वेळ जाईल.

भीष्म पडला. पडद्यावर अक्षरं आली, हिंदीत, मग गुजरातीत:
उत्तरायणापर्यंत मी प्राण सोडणार नाही.
अच्युतराव हसले. वहीत लिहिलं,
भीष्म: "आवरा हो लौकर, पाठीत खिळा घुसलाय."
शेजारचं प्रेत: "मुंग्या. इथे मुंग्या आहेत."
सारथी घोड्याला, आईवरून, काहीतरी.
ते त्यांनी लिहिलं नाही.

रात्री अकरापर्यंत कुणी जेवलं नाही.

पाचव्या डब्यात कुंती होती,
नदीकाठी कर्णाला गाठलेली.
निम्मा चेहरा डागानं खाल्लेला, ओठ शाबूत.
अक्षरं: पुत्रा, तू सूताचा नव्हेस, माझा आहेस.
अच्युतरावांनी मागे न्यायला लावलं. तीनदा.
मग पेन्सिल खाली ठेवून
स्वतः कधी न ऐकलेल्या आपल्या ओबडधोबड आवाजात
तोंडानं म्हणाले,
"ताप उतरला का रे?
उभा राहशील ना? तिकडे यंत्राकडे बघू नकोस.
माझ्याकडे बघ."

कोण ती बाई? कुठल्याच कागदावर नाही.
कर्ण कोवळा, सतरा-अठराचा,
पत्र्याच्या कवचात थरथरतोय,
आणि मी तीन आठवडे ती थरथर
फिल्म आकसल्याची समजून
स्थिर करत बसले होते.

एकशे बारा चौकटी.
परत हलू दिल्या.
अहवालात 'दोष'च्या रकान्यातून ती नोंद खोडली,
कुठल्या रकान्यात घालावी सुचेना,
तर तशीच ठेवली, बाहेर, समासात.

डिसेंबरात कंपूतल्या सभागृहात दाखवलं.
पेटी होती, पखवाज होता,
कुंतीच्या अक्षरांना टाळ्या पडल्या.
पहिल्या रांगेत एक माणूस टाळ्या वाजवत नव्हता.
त्यानं हात उलटा करून
आपल्याच कपाळाला लावून पाहिला.